व्हेनिस आयोगाचा अभिप्राय : माल चोख, वसुली शून्य

सेवा कोणती ते आधी सांगतो. एखाद्या देशाने निवडणूक कायदा बदलायला घेतला की तो मसुदा व्हेनिस आयोगाकडे अभिप्रायासाठी पाठवता येतो. आयोग आपल्या तज्ज्ञांपैकी काही जणांना त्या कामावर बसवतो. ते कायदा कलमागणिक वाचतात, त्या देशात जाऊन सरकार, विरोधक, निवडणूक यंत्रणा, न्यायाधीश आणि संस्था-संघटनांना भेटतात आणि लेखी अभिप्राय तयार करतात. वर्षातून चारदा व्हेनिसमध्ये पूर्ण बैठक भरते, तिथे तो मंजूर होतो आणि संकेतस्थळावर चढतो, इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये. वाचायला फी नाही, लॉगिन नाही, माहिती अधिकाराचा अर्ज नाही, ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ नाही.

मी नोकरी केली नगरपरिषदेत. प्रभाग रचना, मतदार याद्या फोडणं, आरक्षणाची सोडत, हरकती-सूचना, सुनावणीचे कागद लावणं, हेच आयुष्यभराचं काम. लोकसभा-विधानसभेला केंद्राध्यक्षाची ऑर्डर ठरलेली. निवृत्तीनंतर हे अभिप्राय वाचायची सवय लागली. आमच्या कॉलनीतली माणसं पहाटे टेकडीवर जातात, मी मोल्दोव्हाला जातो. बायकोला वाटतं याला वेड लागलंय. पण वापरून वापरून या सेवेबद्दल माझं एक मत झालंय, आणि मराठीत कुणी ते लिहिलेलं दिसलं नाही, म्हणून हा खटाटोप.

आधी दुकानाची माहिती. पूर्ण नाव ‘कायद्याद्वारे लोकशाहीसाठी युरोपीय आयोग’. स्थापना १० मे १९९०, ‘कौन्सिल ऑफ युरोप’च्या (लोकशाही-मानवाधिकारांसाठीची युरोपीय देशांची संघटना, युरोपीय संघाहून वेगळी) छत्राखाली, १८ देशांनी मिळून. बर्लिनची भिंत पडून सहाच महिने झाले होते आणि पूर्व युरोपात एकामागून एक देश नवी राज्यघटना लिहायला बसले होते. त्यांना शेजारी बसून सांगणारं कुणीतरी हवं होतं. पहिले अध्यक्ष इटलीचे कायदेपंडित अंतोनियो ला पेर्गोला. २००२ पासून युरोपबाहेरच्या देशांनाही दार उघडलं. आज सदस्य साठच्या आसपास, त्यात मेक्सिको, ब्राझील, पेरू, दक्षिण कोरिया, कझाकस्तान, मोरोक्को असे लांबचेही आहेत. भारत सदस्य नाही. आयोगाचे तज्ज्ञ म्हणजे बहुतेक प्राध्यापक आणि न्यायाधीश. देशाने नेमलेले असले तरी आयोगावर बसतात ते व्यक्ती म्हणून, सरकारचा निरोप घेऊन नाही. निदान कागदावर तरी तसं आहे.

गंमत अशी की त्याच मे १९९० मध्ये आपल्याकडे दिनेश गोस्वामी समितीने निवडणूक सुधारणांवरचा अहवाल दिला. त्याच डिसेंबरात शेषन मुख्य निवडणूक आयुक्त झाले. पुढे इंद्रजित गुप्ता समिती आली, २०१५ साली विधी आयोगाचा २५५ वा अहवाल आला. आपल्याकडे अभ्यास कमी झाला असं म्हणणाऱ्याने ते अहवाल उघडलेले नसतात. फरक इतकाच की आपला अहवाल येतो तो एकंदर परिस्थितीवर, आणि मग कपाटात जातो. व्हेनिसवाल्यांचा अभिप्राय येतो तो समोर ठेवलेल्या एका विशिष्ट विधेयकावर, अनेकदा ते सभागृहात असतानाच. कलम १४, पोटकलम २, हे असं का लिहिलंय, याचा फायदा कुणाला. त्यामुळे वाचायला चव आहे.

या सेवेबरोबर एक नियमपुस्तक मिळतं. २००२ साली आयोगाने निवडणुकीतल्या चांगल्या पद्धतींची एक संहिता केली. सगळे अभिप्राय तिच्यावर घासून बघितलेले असतात. संहिता छोटी आहे, मुख्य नियम एका बैठकीत वाचून होतात, पुढे स्पष्टीकरण आहे. मतदान सार्वत्रिक, समान, मुक्त, गुप्त आणि प्रत्यक्ष असावं, निवडणुका ठरावीक मुदतीने व्हाव्यात, हे आपल्याला शाळेपासून पाठ. खरी मजा आकड्यांत आणि बारीक अटींत आहे.

उदाहरणार्थ, मतदारसंघांची लोकसंख्या. संहिता म्हणते, सरासरीपासून फरक १० टक्क्यांपेक्षा जास्त नको, आणि काही खास कारण असल्याशिवाय १५ टक्क्यांच्या वर तर मुळीच नको. हे वाचलं आणि मी खुर्चीत सरळ बसलो. कारण आमच्याकडे प्रभाग रचनेलाही तोच १० टक्के कमी-अधिकचा दंडक. उत्तरेकडून सुरुवात करायची, ईशान्येला वळायचं, पूर्वेकडून पश्चिमेकडे यायचं आणि शेवट दक्षिणेला करायचा. जनगणनेचा प्रगणक गट, म्हणजे एका प्रगणकाकडे मोजणीला दिलेला घरांचा पट्टा, फोडायचा नाही. नाला, मोठा रस्ता, रेल्वे रूळ अशी नैसर्गिक हद्द धरायची. कागदावर हे सोपं. प्रत्यक्षात एक गट इकडे टाकला की प्रभाग वर जातो, तिकडे टाकला की शेजारचा खाली येतो. रात्री अकराला कॅल्क्युलेटर घेऊन बसलेलो असताना फोन येतो, ‘तेवढी ती गल्ली पलीकडे गेली तर बरं होईल.’ कुणाचा फोन ते विचारू नका. गल्लीत किती मतं आहेत आणि कुणाची आहेत, ते फोन करणाऱ्याला प्रगणक गटापेक्षा अचूक माहीत असतं. आणि १० टक्क्यांच्या आत राहूनही ती गल्ली बिनबोभाट पलीकडे नेता येते, हे आमच्या खात्यात कुणाला शिकवावं लागत नाही.

म्हणूनच संहितेतलं पुढचं वाक्य मला जास्त मोलाचं वाटलं. हद्दी आखणं हे काम निःपक्षपाती असावं, समितीत भूगोलतज्ज्ञ, समाजशास्त्रज्ञ असावेत, अल्पसंख्याकांचं नुकसान होऊ नये, आणि हद्दी किमान दर दहा वर्षांनी तपासाव्यात, शक्यतो निवडणुकीचा काळ टाळून. आपल्या लोकसभेच्या राज्यवार जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठलेल्या आहेत. १९७६ साली गोठवल्या, नंतर २००१ च्या सुमाराला मुदत वाढवून २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत नेली. गोठवण्यामागे कारण होतं, कुटुंबनियोजन नीट राबवणाऱ्या राज्यांना शिक्षा नको. कारण मला पटतं. पण व्हेनिसच्या फुटपट्टीवर आपण नापास आहोत हेही खरं, आणि ही दोन्ही वाक्यं एकाच परिच्छेदात लिहायची पद्धत मी यांच्याकडूनच उचलली.

दुसरी अट कायद्याच्या स्थैर्याची. निवडणूक पद्धत, निवडणूक मंडळांची रचना आणि मतदारसंघांच्या हद्दी, या तीन गोष्टींना निवडणुकीआधीच्या वर्षभरात हात लावायचा नाही. नाहीतर त्या राज्यघटनेत किंवा साध्या कायद्याहून वरच्या पातळीवर लिहून ठेवा, म्हणजे सहज हलणार नाहीत.

आता महाराष्ट्रात राहून हे वाचा. २०१६ साली नगराध्यक्ष थेट जनतेतून आणि २०१७ साली सरपंचही थेट. २०२० साली सरकार बदललेलं, दोन्ही रद्द. २०२२ साली पुन्हा सरकार बदललं, दोन्ही परत. महापालिकांचं तर विचारू नका. २०१७ ला मुंबई सोडून चार सदस्यांचे प्रभाग, मग एक सदस्याचा निर्णय, २०२१ ला तीन सदस्यांचा, २०२२ ला परत चार. प्रत्येक वेळी आमच्यासारख्यांनी नकाशे नव्याने रंगवायचे, प्रारूप प्रसिद्ध करायचं, हरकती घ्यायच्या, आणि अंतिम होता होता मुंबईहून नवा अध्यादेश. त्यात ओबीसी आरक्षणाचा न्यायालयीन गुंता. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडगा उगारला तेव्हा गाडी हलली, आणि २०१७ नंतर मुंबई महापालिकेची निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली वर्षं प्रशासक. ‘ठरावीक मुदतीने’ या शब्दांवर मी पेन्सिलीने रेघ मारून ठेवली आहे.

एक वर्षाचा नियम पाळला म्हणजे सगळं आलबेल, असंही नाही. तुर्कस्तानने तो थेट राज्यघटनेत घातलाय : निवडणूक कायद्यातला बदल पुढच्या एका वर्षात होणाऱ्या निवडणुकीला लागू होत नाही. २०२२ साली त्यांनी कायदा बदलला, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तो राजपत्रात आला आणि निवडणूक झाली १४ मे २०२३ ला. वर्ष भरून महिनाभर वर. हिशेब करून बसवलेलं प्रकरण. त्या कायद्यात संसदेत शिरण्यासाठी लागणाऱ्या किमान मतांची अट १० टक्क्यांवरून ७ वर आणली. ही १० टक्क्यांची अट काय करू शकते त्याचं टोकाचं उदाहरण २००२ ची निवडणूक. एर्दोआन यांच्या पक्षाला ३४ टक्के मतं आणि ५५० पैकी ३६३ जागा. अट न ओलांडणाऱ्या पक्षांना पडलेली जवळपास ४५ टक्के मतं वाया. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २००८ साली ही अट जास्तच आहे म्हटलं, पण हक्कभंग ठरवला नाही. व्हेनिसने ७ टक्क्यांचं स्वागत केलं आणि आणखी खाली आणा म्हणून सांगितलं. त्याच कायद्यात जिल्हा-प्रांत पातळीवरच्या निवडणूक मंडळांवर सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीश असायचे ते काढून चिठ्ठ्या टाकून न्यायाधीश नेमायची तरतूद होती. बातम्यांत ७ टक्के गाजले, चिठ्ठ्यांकडे कोण बघतो? अभिप्रायाने बघितलं. माझ्या मते अशा सेवेची किंमत तिथे कळते. मंडळावर कोण बसणार हे ज्याला कळलं त्याला निम्मी निवडणूक कळली, हे आमच्या ऑफिसातला शिपाईसुद्धा सांगेल.

पण तुम्हाला एकच अभिप्राय वाचायचा असेल तर मोल्दोव्हाचा वाचा, २०१७ सालचा. क्रमांक सीडीएल-एडी(२०१७)०१२. हा वॉर्सामधल्या ‘ओडिर’बरोबर मिळून केलेला आहे. ओडिर म्हणजे युरोपातल्या सुरक्षा व सहकार्य संघटनेचं लोकशाही आणि मानवाधिकार कार्यालय. त्यांची माणसं निवडणुकांना निरीक्षक म्हणून जातात, केंद्रावर उभी राहतात, मोजणी बघतात. त्यामुळे संयुक्त अभिप्रायात प्राध्यापकी थोडी कमी आणि जमिनीवरचं जास्त असतं.

मोल्दोव्हा हा रोमानिया आणि युक्रेनच्या मधला छोटा देश. संसद १०१ जणांची. पूर्वी सगळा देश एकच मतदारसंघ, पक्षाच्या यादीला मत, मतांच्या प्रमाणात जागा. २०१७ साली सत्तेतल्या डेमोक्रॅटिक पक्षाने, ज्याची सूत्रं व्लाद प्लाहोत्निउक या धनाढ्य उद्योगपतीच्या हातात होती, पद्धत बदलायचं काढलं. राष्ट्राध्यक्ष इगोर दोदोन यांच्या समाजवाद्यांशी तडजोड झाली आणि मिश्र पद्धत ठरली : ५० जागा यादीने, ५१ एकसदस्यीय मतदारसंघांतून, ज्याला सर्वांत जास्त मतं तो निवडून. म्हणजे निम्मं आपल्यासारखं.

अभिप्रायाची सुरुवात नेहमीच्या सौम्य सुरात. निवडणूक पद्धत निवडणं हा प्रत्येक देशाचा सार्वभौम अधिकार आहे वगैरे. हे वाक्य प्रत्येक अभिप्रायात असतंच, सवय झाली की डोळा आपोआप पुढे सरकतो. मग मात्र एकेक खिळा. एवढा मूलभूत बदल करायला सर्व पक्षांत व्यापक सहमती हवी, ती नाही. एकसदस्यीय मतदारसंघात स्थानिक धनदांडगे आणि उद्योगपती उमेदवारांवर वजन टाकू शकतात, हा धोका खरा आहे. हद्दी कशा आखणार, त्याचे निकष पुरेसे नाहीत. परदेशी गेलेले लाखो मोल्दोव्हन आणि नीस्टर नदीपलीकडचा, सरकारच्या ताब्यात नसलेला ट्रान्सनिस्ट्रिया, यांच्यासाठी मतदारसंघ कसे करणार, तिथे प्रचार कसा होणार, मतदान कसं होणार. आणि मग निष्कर्ष : सध्या असा बदल करणं उचित नाही. आयोगाच्या भाषेत ही शिवी आहे.

जूनच्या मध्यावर हे मंजूर झालं. २० जुलैला मोल्दोव्हाच्या संसदेने कायदा पास केला. वरवर थोडी डागडुजी, गाभा तोच.

आता निकाल बघा. २४ फेब्रुवारी २०१९. यादीच्या मतांत विरोधी ‘आकुम’ आघाडीला जवळपास २७ टक्के, डेमोक्रॅटिक पक्षाला २४ च्या आत. यादीच्या ५० जागांत आकुमला १४, डेमोक्रॅटांना १३. इथपर्यंत न्याय. पण एकसदस्यीय जागांत आकुमला १२ आणि डेमोक्रॅटांना १७. बेरीज केली की कमी मतांचा पक्ष ३० वर आणि जास्त मतांची आघाडी २६ वर. समाजवादी ३५, शोर पक्ष ७, अपक्ष ३. आपल्याला यात धक्का बसण्यासारखं काही नाही, आपल्याकडे हे नेहमीचंच आहे. पण ज्या देशात काल-परवापर्यंत मतं आणि जागा जोडीने चालत होत्या, तिथे पद्धत बदलून दीड वर्षात हा फरक पडला. आणि कागद तर आधीच पडलेला होता.

पुढचं प्रकरण याहून नाट्यमय. त्रिशंकू संसद, तीन महिने सरकार नाही, जून २०१९ मध्ये समाजवादी आणि आकुम एकत्र येऊन माया सांदू पंतप्रधान, तिथल्या घटना न्यायालयाने संसदेची मुदत संपली म्हणून सगळं बेकायदा ठरवलं, एका देशात दोन सरकारं, मग प्लाहोत्निउक देश सोडून गेले आणि न्यायालयाने आपलेच निर्णय मागे घेतले. व्हेनिस आयोगाने या पेचावरही जूनमध्येच अभिप्राय दिला. ऑगस्ट २०१९ मध्ये नव्या संसदेने मिश्र पद्धत रद्द करून जुनी प्रमाणशीर पद्धत परत आणली. २०२१ ची निवडणूक तिनेच झाली.

तर काय झालं? अभिप्राय ऐकला गेला की नाही? २०१७ साली नाही. २०१९ साली हो. ज्यांनी मागितला आणि डावलला त्यांच्या हाती तो निरुपयोगी होता, त्यांच्यानंतर आलेल्यांच्या हाती तो तयार मसुदा होता. या सेवेचं गिऱ्हाईक बहुतेकदा काउंटरवर उभा असलेला माणूस नसतोच, हे माझं मत इथे पक्कं झालं. विरोधी पक्षाचा खासदार, तिथला पत्रकार, न्यायालयात याचिका घेऊन गेलेला वकील, युरोपीय संघात शिरायला निघालेल्या देशाची फाइल तपासणारा अधिकारी, हे खरे वापरकर्ते. त्यांना वजनाचा कागद मिळतो, आणि तो कुणा विरोधकाने लिहिलेला नसतो.

हंगेरीत हे फळलं नाही, तेही सांगितलं पाहिजे. २०११ च्या कायद्याने संसद ३८६ वरून १९९ वर आणली, १०६ मतदारसंघ आणि ९३ यादीच्या जागा. मतदारसंघांच्या हद्दी थेट दोन-तृतीयांश बहुमताच्या कायद्यात कोरून टाकल्या. फरक १५ टक्क्यांपर्यंत चालेल, २० च्या वर गेला तर संसदेने दुरुस्ती करावी, असा त्यांचा हिशेब. २०१२ च्या अभिप्रायात यावर बोट ठेवलेलं आहे : संहितेहून मर्यादा ढिली, आणि दुरुस्तीला लागणारं बहुमत इतकं चढं की दुरुस्ती होणं अवघड. मग २०२० च्या अखेरीस नवा बदल. देशव्यापी यादी द्यायची तर पक्षाने १०६ पैकी किमान ७१ मतदारसंघांत उमेदवार उभे केले पाहिजेत, आधी २७ पुरत. छोट्या पक्षांना एकत्र येण्यावाचून पर्याय नाही. यावरचा अभिप्राय आला ऑक्टोबर २०२१ मध्ये, कायदा होऊन दहा महिने उलटल्यावर. २०२२ साली हे कायदे करणाऱ्या, तेव्हा सत्तेत असलेल्या फिडेस पक्षाला ५४ टक्के मतांवर १९९ पैकी १३५ जागा. शवविच्छेदनाचा अहवाल कितीही उत्तम असला तरी रुग्णाला त्याचा काय उपयोग?

उशीर ही या सेवेची पहिली तक्रार, आणि तिला आयोग एकटा जबाबदार नाही. विचारणाऱ्यानेच उशिरा विचारलं तर हे काय करणार? तातडीचे अभिप्राय देण्याची सोय आहे, बैठकीची वाट न बघता ते आधी देतात आणि मागाहून बैठकीत शिक्कामोर्तब करतात. पण सरकारला घाई असली की कायदा दोन दिवसांत होतो. आपल्याकडे मतदार यादी आधारला जोडायची दुरुस्ती २० डिसेंबर २०२१ ला लोकसभेत आणि २१ ला राज्यसभेत मंजूर झाली. समिती नाही, चर्चा जेमतेम. व्हेनिसच्या अभिप्रायांत कायद्यात काय लिहिलंय याइतकीच जागा तो कसा केला याला असते. कुणाला विचारलं, किती वेळ दिला, विरोधकांच्या सूचनांचं काय केलं. मेक्सिकोत २०२२ साली तिथल्या राष्ट्रीय निवडणूक संस्थेच्या अध्यक्षांनीच अभिप्राय मागवला होता, कारण बदल त्यांच्याच संस्थेला कापणारा होता. ती घटनादुरुस्ती दोन-तृतीयांश न मिळाल्याने पडली. सरकारने मग साध्या कायद्याने तेच पुढे रेटलं, आणि २०२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते कायदे रद्द केले, का तर संसदेत ते नीट चर्चा न होता उरकले म्हणून.

दुसरी तक्रार भाषेची. ‘विचार करावा’, ‘उपयुक्त ठरेल’, ‘शिफारस करण्यात येते’. मी सरकारी नोकरीत मुरलेला माणूस, मला या शब्दांमागचा राग वाचता येतो. साध्या वाचकाला वाटेल सगळं ठीक चाललंय. माझी पद्धत सांगतो : आधी शेवटचा भाग वाचायचा, तिथे अ, ब, क करून मुख्य शिफारशी असतात. मग ज्या शिफारशीत रस असेल तिचे परिच्छेद मागे जाऊन शोधायचे, प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक असतो. पार्श्वभूमीचा भाग सरळ सोडून द्यायचा. आणि संबंधित मंत्री ‘आयोगाने आमचं स्वागत केलं’ म्हणाला असेल तर मूळ कागद नक्की उघडायचा. स्वागत तिसऱ्या परिच्छेदात असतं, पुढचे साठ परिच्छेद ‘परंतु’चे.

तिसरी, म्हटलं तर बारीक गोष्ट. केंद्रावरचं काही वेळा यांना नीट दिसत नाही. संहितेत घरच्यांनी मिळून मत देण्यावर सरळ बंदी आहे, आणि गुप्तता हा मतदाराचा हक्क तर आहेच, त्याचं कर्तव्यही आहे, असं म्हटलंय. आपल्या नियमांतही समजावूनही गुप्तता न पाळणाऱ्याला मत देऊ द्यायचं नाही असं आहे. पण केंद्राध्यक्ष म्हणून माझ्यासमोर यायचं ते असं : ‘साहेब, आईला दिसत नाही, बटण मी दाबतो.’ आईला दिसत असतं. ती मान खाली घालून उभी असते. मागे रांग उन्हात, पोलिंग एजंट तिन्ही पक्षांचे गप्प, कारण तिघांच्याही घरी हेच चालतं. तिथे ‘काकू, तुम्ही एकट्याच आत जा’ हे कोणत्या सुरात म्हणायचं म्हणजे मुलगा भडकणार नाही आणि काकूही घाबरून परत फिरणार नाही, ते कोणत्याच संहितेत नाही. आधी काकूंना खुर्ची द्यायची, पाणी द्यायचं, मुलाला सही-शाईच्या टेबलाशी बोलण्यात गुंतवायचं. जमतं बहुतेकदा.

सेवा देणाऱ्याला अपमानही सोसावा लागतो. ट्युनिशियात २०२२ साली राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी निवडणूक आयोगाची रचना अध्यादेशाने बदलली आणि नव्या घटनेवर सार्वमत जाहीर केलं. आयोगाने तातडीचा अभिप्राय दिला की हा अध्यादेश मागे घ्यावा. सईद यांनी व्हेनिसच्या माणसांना देशात यायची गरज नाही म्हणून ठणकावलं. सार्वमत ठरल्या दिवशी, २५ जुलैला झालं.

मग तारे किती? कागदाच्या दर्जाला पाच. अंमलाला एक, तोही मोल्दोव्हाखातर. आपल्यासाठी उपलब्धतेला दोन. वाचायला सगळं खुलं आहे, पण नागरिक म्हणून तुम्ही-मी अभिप्राय मागू शकत नाही. सरकारं, संसदा, राष्ट्रप्रमुख आणि काही आंतरराष्ट्रीय संस्था मागू शकतात. घटना न्यायालयंही प्रश्न पाठवू शकतात. भारत बाहेरच असल्याने तेही दार नाही. स्टॉकहोमच्या ‘इंटरनॅशनल आयडिया’चा भारत १९९५ पासूनचा संस्थापक सदस्य आहे. तिथली तुलनात्मक पुस्तकं चांगली आहेत, पण विधेयक टेबलावर टाकलं आणि कलमवार उत्तर मिळालं, असा तो प्रकार नव्हे. युरोपातल्या जुन्या, प्रतिष्ठित लोकशाह्यांवरचे अभिप्रायही व्हेनिसच्या संकेतस्थळावर शोधावे लागतात. नव्यांवरचे ढिगाने आहेत.

पुढच्या प्रभाग रचनेवर तुम्ही हरकत घेणार असाल, तर संहितेतला पहिल्या भागातला मुद्दा २.२ (समान मतमूल्य) आणि दुसऱ्या भागातला २ ब (वर्षभराचा नियम) यांची प्रिंट काढून हरकतीला जोडा. शेजारी आपल्याच राज्य निवडणूक आयोगाच्या आदेशातला १० टक्क्यांचा परिच्छेद आणि प्रगणक गटांची बेरीज लावा. सुनावणी अधिकाऱ्यावर व्हेनिसचा कागद बंधनकारक नाही, तो तसं तोंडावर म्हणेलही. पण जोडपत्र एकदा पोच घेऊन नस्तीत, म्हणजे फाइलीत, लागलं की त्यावर काहीतरी लिहिल्याशिवाय त्याला नस्ती बंद करता येत नाही. पोच मात्र तारखेसकट घ्या.